पावसाळा, बदकांचं खुराडं आणि शेजारी: वासावर उपाय काय?

पत्र:

नमस्कार ताई. आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका मोठ्या गावात राहतो. घरामागे परसात माझी बारा बदकं आहेत, खाकी कॅम्पबेल, आठ माद्या नि चार नर. पाच बाय चार फुटांचं पत्र्याचं खुराडं आहे आणि त्याला लागून दहा बाय बारा फुटांची जाळीची मोकळी जागा. जमीन काळी. उन्हाळ्यात फारसा त्रास नव्हता, पण पाऊस सुरू झाला आणि वास असह्य झाला. मी रोज सकाळी नळीने पाणी मारून सगळं धुते, चुना टाकते, आठवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडर नि फिनेल मारते. झड आत येऊ नये म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली आहे. तरी वास वाढतोच आहे. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, "हाऊ कसाना वास शे वं माय?" (हा कशाचा वास आहे गं बाई?) त्यांच्याकडे श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसते, पुण्या-सुरतेहून भाऊबंद येतात. तोंडावर त्यांनी काही म्हटलं नाही, पण ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचं बोलणं चाललंय असं कानावर आलं. घरचे म्हणतात, निम्मी बदकं विकून टाक. या अंड्यांवर माझा वरखर्च चालतो. काय करू?

उत्तर:

ताई, उद्या सकाळपासून नळी बंद करा. चुना बंद करा, ब्लीचिंग पावडर बंद करा, आणि ताडपत्री निदान समोरासमोरच्या दोन बाजूंनी वरून एकेक फूट खाली उतरवा. तुमची मेहनत पत्रात दिसते आहे आणि ती वाया जाते याचं मला वाईट वाटतं, कारण तुम्ही करता त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीने वास वाढतो आहे. का, ते आधी सांगते. ते कळलं की पुढचं बरंचसं तुमचं तुम्हालाच सुचेल.

बदकाच्या विष्ठेत जवळपास ९० टक्के पाणी असतं. कोंबडीची विष्ठा वाऱ्यावर सुकते. बदकाची सुकायच्या आत तिच्यावर पुढची पडते. शिवाय बदक दाणा खाताना सारखं पाण्याकडे धावतं, चोच बुडवतं, मान झटकतं, दाणा पाण्यात नि पाणी दाण्यात कालवतं. मोठं बदक दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी पितं आणि सांडतं ते वेगळंच. विष्ठेत जो पांढरा भाग दिसतो ते युरिक आम्ल. कोरडं असेपर्यंत ते काही त्रास देत नाही. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि आषाढात तुमच्या परसात ओल नि ऊब दोन्ही भरपूर आहेत. बदकाच्या अंगाला मुळात फार वास नसतो. वास येतो तो ओल्या घाणीला. तेव्हा रोज नळीने धुणं म्हणजे त्या घाणीला रोज नवं पाणी पाजणं. वरचं थोडं वाहून जातं, उरलेलं मातीत मुरतं आणि तिथेच कुजतं.

आता तुमच्या जमिनीबद्दल. काळी माती उन्हात भेगाळते आणि पाऊस लागला की फुगून भेगा मिटवून टाकते. मग तिच्यातून पाणी खाली उतरत नाही म्हटलं तरी चालेल. बदक पाळणाऱ्यांना मिळणारे बरेचसे सल्ले रेताड किंवा मुरमाड जमिनीवर तयार झालेले असतात: वाळू पसरा, शोषखड्डा घ्या, पाणी जिरेल. तुमच्याकडे ते जिरणार नाही. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोल गेला नाहीत, तर शोषखड्डा हा फक्त झाकलेला डबका होतो, आणि झाकलेल्या डबक्यात हवा नसल्यामुळे सडक्या अंड्यासारखा वास तयार होतो. म्हणून पाणी जिरवायच्या मागे लागू नका, ते जाळीच्या बाहेर वाहून कसं जाईल ते बघा.

चुन्याचं तर मुद्दाम सांगायला हवं, कारण खान्देशातच काय, सगळीकडेच घाण दिसली की लोक चुना मारतात. अमोनिया ओल्या घाणीत दोन रूपांत असतो. घाण थोडी आंबट असली तर तो विरघळून तिच्यातच अडकून राहतो. क्षार वाढले की वायू होऊन हवेत सुटतो. चुना जबरदस्त अल्कधर्मी. ओल्या विष्ठेवर तो टाकला की अडकलेला अमोनियाही मोकळा होतो. चुना टाकल्यावर तासाभरात तुमच्या डोळ्यांना जास्त झोंबलं असेल तर त्याचं कारण हे. चुलीची राखही तेच करते, जरा कमी जोराने. शिवाय बदकाचे पाय मऊ असतात, ओला चुना त्यांना आणि डोळ्यांना भाजतो. चुन्याला जागा आहे, पण ती रिकाम्या खुराड्यात: सगळं उपसून झालं, भिंती-फरशी कोरडी झाली, बदकं दुसरीकडे आहेत, अशा वेळी पोचारा मारा, पूर्ण सुकू द्या आणि मगच पक्षी आत घ्या.

ब्लीचिंग पावडर त्याहून वाईट. तिच्यातला क्लोरीन अमोनियाशी मिळून क्लोरामाइन नावाचा विषारी वायू तयार करतो. माणसालाही तो खोकल्याने बेजार करतो. रात्रभर ताडपत्रीत बंद असलेल्या पक्ष्यांचं काय होत असेल याचा विचार करा. ती पावडर खुराड्याच्या आसपासही नको. फिनेल वास झाकतं, घालवत नाही, आणि बदकं ते चोचीने चाखतात. तेही थांबवा.

वासावरून कारण ओळखता येतं, म्हणून उद्या पहाटे एक करा. खुराड्याचं दार उघडा आणि उकिडवं बसून तुमचं तोंड बदकाच्या डोक्याच्या उंचीवर आणा. उभ्याने घेतलेला वास खोटा असतो, कारण बदक ज्या हवेत झोपतं ती जमिनीपासून वीतभर उंचीवरची असते. डोळ्यांत पाणी आलं, नाकाला झोंबलं तर तो अमोनिया. पक्ष्यांच्या घरात हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांहून जास्त अमोनिया नसावा असं धरतात, आणि डोळे चुरचुरले म्हणजे ती मर्यादा ओलांडलीच समजा. गटारीसारखा, सडक्या अंड्याचा वास आला तर कुठेतरी पाणी साचून सडतं आहे. तो बहुधा खुराड्यात नसून पाण्याच्या टपाभोवती सापडेल. आंबूस वास सांडलेल्या दाण्याचा. आणि अचानक एका दिवसात आलेला मेल्या जनावराचा वास असेल तर कोपऱ्यात फुटलेलं अंडं किंवा मेलेला उंदीर शोधा. घरातल्या माणसाच्या नाकाला रोजच्या वासाची सवय होते, म्हणून आठवड्यातून एकदा बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. काकूंच्या नाकावर रागावू नका. तुमच्या नाकापेक्षा ते जास्त खरं सांगतं.

कानबाई नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी बसते, म्हणजे तुमच्या हातात थोडे दिवस आहेत. तेवढ्यात होण्यासारखं जे आहे ते आधी करू.

पहिलं काम उपसण्याचं. पावसाने उघडीप दिली की सकाळी दहा-अकराला, ऊन आणि वारा असताना, खुराड्यातली नि टपाभोवतीची ओली घाण फावड्याने खरवडून काढा. पाणी न मारता. संध्याकाळी किंवा रात्री हे काम करू नका. रात्री हवा थंड होऊन जमिनीलगत बसते आणि वास तिच्यासोबत शेजाऱ्यांच्या खिडकीशी बसून राहतो. दिवसा तापलेली हवा त्याला वर घेऊन जाते. काकूंना आदल्या दिवशी सांगा, की उद्या उपसणार आहे, दोन तास वास येईल, मग कमी होईल. एवढ्या एका वाक्याने बरेच अर्ज थांबतात.

उपसल्यावर खुराड्यात कोरडा थर द्या, निदान चार इंच. काय वापरायचं? तुमच्याकडे सगळ्यात सोपा मिळेल तो लाकडाच्या वखारीतला रंध्याचा भुसा, म्हणजे रंधा मारताना निघतात त्या चपट्या सालपट्या. करवतीची बारीक पूड नको, ती ओली झाली की चिखल होते आणि पिल्लं ती खातात. भुईमुगाच्या शेंगांची फोलपटं उत्तम, पण हातात घेऊन बघा: काळपट-हिरवट बुरशी किंवा कुबट वास असेल तर ती परत करा. बुरशीची धूळ बदकाच्या फुप्फुसात जाऊन बसते. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं कुटार चालतं, पण लवकर दबतं, रोज हलवावं लागतं. गव्हाचा बारीक भुसा एकटा वापरू नका, सालपट्यांत मिसळून चालेल. कडबा गुरांसाठी ठेवा. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, कुट्टी मशीनवर तुकडे करून घेतले तर ते बाहेरच्या चिखलावर खालच्या थराला चांगले, हवा खेळती ठेवतात. त्यांची टोकं टोचतात म्हणून वर कोरडा पाला हवाच, आणि शेवटच्या फवारणीनंतर बराच काळ लोटलेल्याच पऱ्हाट्या घ्या. मक्याची दाणे काढलेली कणसं मिळत असतील तर चिखलावर त्यांच्यासारखं काही नाही. ती दबत नाहीत आणि पाणी शोषतात.

हा थर रोज संध्याकाळी एकदा पंजाने किंवा काठीने उलटा आणि वर घमेलंभर कोरडं टाका. झालं का कोरडं, ते मुठीत घेऊन ठरवा. घट्ट दाबल्यावर बोटांतून पाणी आलं तर तेवढा भाग उचलून खताच्या ढिगावर न्या. लाडवासारखा गोळा झाला आणि तसाच राहिला तर कोरडं कमी पडतंय. मूठ उघडताच भुगा सैल होऊन पसरला तर बरोबर. बदकांच्या खुराड्यात कोंबड्यांसारखं महिनोन्‌महिने थर तसाच ठेवणं पावसाळ्यात जमत नाही. ओली जागा दर पाच-सहा दिवसांनी उचलाच. त्याने माश्यांचाही बंदोबस्त होतो, कारण अशा उकाड्यात माशीच्या अंड्यापासून उडती माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याआधी तिची जागाच उचलली गेली पाहिजे.

वारा वरून खेळू द्या. तुम्ही चारी बाजूंनी बांधलेली ताडपत्री पाऊस अडवते, पण रात्रभर बारा पक्ष्यांच्या श्वासाची नि विष्ठेची वाफही आतच अडवते. पक्ष्यांच्या डोक्यावरून, छपराच्या खाली, समोरासमोर फूटभर रुंदीची जाळी असू द्या. जाळी अर्ध्या इंचाची, म्हणजे मुंगूस नि साप आत शिरणार नाही. पावसाची झड ज्या बाजूने येते तिथे पत्र्याची पुढे आलेली पडवी करा.

आता दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: पाणी. तुमच्या पत्रात टपाचा उल्लेख नाही, पण दहा बाय बाराच्या जागेत बदकं आहेत म्हणजे कुठेतरी घमेलं नाहीतर टप आहेच, आणि तो मधोमध ठेवलेला असणार. तो जाळीच्या एका कडेला, काकूंच्या घरापासून लांबच्या कोपऱ्यात न्या. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतो. काकूंचं घर तुमच्या पूर्वेला असेल तर टप आणि खताचा ढीग दोन्ही त्यांच्या हद्दीपासून जेवढे दूर नेता येतील तेवढे न्या.

त्या कोपऱ्यात तीन फूट लांब-रुंद नि दीड फूट खोल खड्डा घ्या. खाली मोठे दगड, वर खडी. तळाशी, म्हणजे दगडांच्या बुडाशी, तीन-चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उताराने बाहेर काढा. हा पाइप विसरलात तर बाकी सगळं फुकट, कारण काळ्या मातीत खड्डा भरून राहील. पाइपचं तोंड उघडं सोडा ते केळीच्या, पपईच्या किंवा अळवाच्या आळ्यात. खड्ड्यावर केळीच्या वाहतुकीचे प्लास्टिकचे जुने क्रेट पालथे टाका. जळगाव-रावेर-यावलच्या बाजूला मोडके क्रेट सहज मिळतात, अमळनेरच्या बाजारातही मागितले तर मिळतील. बदकं त्यावर उभी राहून पितात, सांडलेलं पाणी भोकांतून खाली जातं, पाय कोरडे राहतात. क्रेटची भोकं एवढी मोठी नकोत की बोट अडकेल; असतील तर वर बारीक प्लास्टिकची जाळी बांधा.

पाणी उघड्या टपात न देता वीस लिटरच्या कॅनच्या वरच्या भागात, बुडापासून वीतभर उंचीवर, बदकाचं डोकं आत जाईल एवढी चार-पाच गोल भोकं कापून द्या. कडा घासून गुळगुळीत करा. बदकाला पोहायला तळं लागतंच असं नाही. पण नाकपुड्या नि डोळे धुता येतील इतकं, म्हणजे चार-पाच इंच खोल पाणी लागतंच, नाहीतर डोळे चिकटतात. कॅनमध्ये डोकं जातं, अंग जात नाही. एवढ्यानेच निम्मा चिखल कमी होतो. अंघोळीचा टप दोन-तीन दिवसांतून एकदा, क्रेटवर किंवा थेट केळीच्या आळ्यात ठेवा, तासाभराने रिकामा करा. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात यातून पाण्याचीही बचत होते. झाडांची आळी पाळीपाळीने बदला. रोज एकाच झाडाला हे पाणी दिलंत तर झाड नि माती दोन्ही बिघडतील. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना, कोथिंबिरीला, मेथीला ते देऊ नका. विष्ठेत साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

खडीत दाणा नि घाण अडकत जाईल. आठवड्यातून एकदा क्रेट उचलून दोन बादल्या पाणी जोरात ओता. नळी वापरायची ती फक्त इथे.

छपराचंही बघा. घराच्या पत्र्यावरच्या पागोळ्या जाळीत पडत असतील तर बाकी उपायांना अर्थ नाही. चारशे चौरस फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस झाला तर साडेनऊशे लिटरच्या आसपास पाणी उतरतं. पत्र्याचं पन्हाळ लावून ते दुसरीकडे वळवा, आणि जाळीच्या वरच्या बाजूने नऊ इंच खोल चर काढा म्हणजे परसातलं वाहतं पाणी आत येणार नाही. सध्याच्या चिखलावर पऱ्हाटीचे तुकडे किंवा मक्याची कणसं टाकून वर पाला. आत्ता पावसात मुरूम टाकू नका, ओल्या काळ्या मातीत तो रुतून जाईल. ते काम उन्हाळ्यात, मृगाच्या आधी: वरची सहा इंच काळी माती काढून नऊ इंच मुरूम भरा आणि धुम्मसने ठोका, दहा फुटांना तीन इंच उतार ठेवून. तुमच्या जागेला एक ब्रासहूनही (शंभर घनफुटांहूनही) थोडा कमी मुरूम लागेल. काढलेली माती शेतात जाईल, तिच्यात वर्षभराचं खत आहे.

खताचा ढीग म्हणाल तर बदकाची विष्ठा एकटी रचली की ती सडते. एक घमेलं ओल्या घाणीला दोन-तीन घमेली कोरडा पाला, कुटार, काड्या असं थरावर थर द्या आणि सगळ्यात वर नेहमी कोरडाच थर ठेवा. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण २५-३० ला १ असलं की ढीग तापतो आणि वास येत नाही. ढिगाला अमोनियाचा वास आला तर कोरडं कमी आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वर प्लास्टिक टाकून पाऊस अडवा, बाजू मोकळ्या ठेवा. दोन-तीन महिन्यांत खत होतं. कानबाईच्या आठवड्यात मात्र ढीग उलटू नका.

दाण्याकडेही एकदा बघा, कारण नत्र तिथून येतं. अंडी देणाऱ्या बदकाला १६ ते १८ टक्के प्रथिनं पुरतात. जास्त दिलीत तर जास्तीचा नत्र विष्ठेतून बाहेर पडून अमोनियाच होतो. भिजवलेला दाणा पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढाच द्या, तोही पाण्याच्या कोपऱ्याजवळ, भांड्यात. जमिनीवर टाकू नका. संध्याकाळी दाणा उचलून ठेवा. दाणा समोर आणि पाणी नाही असं मात्र कधीही होऊ देऊ नका, बदकाच्या घशात अडकतं. रात्री दाणा नसेल तर पावसाळ्याच्या दिवसांत मोठी बदकं पाण्याशिवायही रात्र काढतात आणि खुराडं कोरडं राहतं. पहाट होताच दार उघडून पाण्याकडे जाऊ द्या. बहुतेक माद्या तोवर अंडं घालून मोकळ्या झालेल्या असतात, एखादं जाळीत सापडलं तर सापडू द्या. चैत्र-वैशाखात, जेव्हा आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा हा नियम सोडा आणि रात्रीही पाणी ठेवा.

याच ओघात एक धोक्याची गोष्ट. खान्देशात शेंगदाण्याची पेंड घरोघरी असते आणि उरलीसुरली बदकांना जाते. पावसाळ्यात पेंडीला नि मक्याला बुरशी धरली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि सगळ्या पाळीव पक्ष्यांत बदक त्याला फार लवकर बळी पडतं. बुरशी दिसली, कुबट वास आला की फेकून द्या, धुवून-वाळवून देऊ नका. सरकीची ढेपही बदकांना नको, तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्यामुळे अंड्याचा बलक हिरवट-काळपट होतो. तुमचा वरखर्च अंड्यांवर आहे, तेव्हा हे जपाच.

काकूंच्या मनात वासाबरोबर दुसरीही भीती असू शकते. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला, २०२१ मध्ये तिथे पुन्हा कोंबड्या माराव्या लागल्या. ते दिवस नंदुरबार-धुळे-जळगावच्या लोकांना चांगले आठवतात. वास येतो म्हणजे रोग आहे असं नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. पण त्याच वेळी तुमच्या बाजूने जपा: बदकं कोंबड्यांसोबत ठेवू नका, कारण बदक स्वतः धडधाकट दिसूनही हा विषाणू वाहू शकतं, रानपाखरं दाण्यावर उतरू देऊ नका, बदकं धरणावर, नदीवर, जिथे हिवाळ्यात बाहेरचे पक्षी येतात तिथे चरायला नेऊ नका. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. अंडी नेहमी पूर्ण उकडून किंवा शिजवून खा, आणि काकूंना द्याल तेव्हा त्यांनाही तसं सांगा. अंडी जरूर द्या, पण वास कमी झाल्यावर. आधी दिलीत तर तोंड बंद करायला दिल्यासारखं दिसेल.

राहिला घरच्यांचा सल्ला, निम्मी बदकं विकण्याचा. हिशोब असा आहे. रात्रीच्या खुराड्यात एका बदकाला निदान तीन चौरस फूट जागा हवी आणि बाहेर दहा ते पंधरा. तुमची बाहेरची जागा १२० चौरस फूट, बारा बदकांना जेमतेम पुरते. खुराडं मात्र २० चौरस फुटांचं, त्यात सहा-सातच नीट राहतील. दाटीवाटीने बसली की कितीही कोरडं टाका, रात्रीत ओलं होणारच. पण यासाठी अंडी देणाऱ्या माद्या विकायची गरज नाही. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो, आणि पिल्लं काढायची नसतील तर एकही नर लागत नाही. अंडी नराशिवायही तेवढीच मिळतात. तुमच्याकडे आठ माद्यांवर चार नर आहेत, ते माद्यांना त्रासही देत असतील, मानेवरची पिसं उडालेली दिसतील. तीन नर विका. उरली नऊ. त्यांना २७ चौरस फूट लागतात. खुराडं चार फुटांच्या बाजूने दोन फूट वाढवून पाच बाय सहा केलंत की ३० होतात. नरांच्या पैशांतून पत्रा आणि जाळी बहुधा निघेल. आठही माद्या राहू द्या.